कॉइलचा झटका: कॉन्टॅक्टरवर सर्ज सप्रेसर कोणता लावायचा?



मागच्या व्हिडिओत आपण कॉन्टॅक्टरची निवड बघितली. किती एचपीच्या मोटारला कोणता घ्यायचा, एसी-३ रेटिंग म्हणजे काय, वगैरे. तो बघून भाईंदर पूर्वेच्या एका मुलाचा फोन आला. वर्षभरापूर्वी छोटा गाळा भाड्याने घेऊन तो पॅनल बनवायला लागलाय. म्हणाला, "सर, एका सोसायटीला पाण्याच्या पंपाचं पॅनल दिलं. चार महिन्यांत लेव्हल कंट्रोलर दोनदा बदलला. आता सेक्रेटरी काका म्हणतात, उरलेले पैसे विसरा. माल चांगल्या कंपनीचा आहे, वायरिंग पण नीट आहे. मग चुकलं कुठे?"

मी विचारलं, "कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर काय लावलंय?"

"काही नाही सर. ए-वनला फेज, ए-टूला न्यूट्रल, बस्स."

आजचा लेख या "काही नाही"बद्दल आहे. इलेक्ट्रिकल पॅनलच्या धंद्यात उतरणार असाल तर नीट वाचा. पार्ट छोटा आहे, पण तो नसला किंवा चुकीचा लावला तर पेमेंट अडकतं. काही मशिनवर तर माणसाच्या हाताशी गाठ असते.

कॉइल बंद होताना काय होतं?

तुमच्या बिल्डिंगमध्ये पंप चालू असताना कोणी व्हॉल्व्ह एकदम बंद केला तर काय होतं? पाइप धाडकन हादरतो. वाहतं पाणी लगेच थांबत नाही, ते अडथळ्यावर आपटतं. कॉइलमधल्या करंटचंही असंच आहे. कॉइल म्हणजे लोखंडी गाभ्याभोवती गुंडाळलेली बारीक तारेची भरपूर वेटोळी. करंट वाहत असतो तोवर त्यात चुंबकीय ऊर्जा साठलेली असते. तुम्ही स्विच उघडला की ती ऊर्जा कुठेतरी जायला बघते. वाट मिळाली नाही तर कॉइलच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज उसळतं. २३० व्होल्टची कॉइल असली तर हा झटका हजारो व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. २४ व्होल्ट डीसीच्या कॉइललाही शेकडो व्होल्टचा झटका सहज देता येतो. टिकतो तो अगदी क्षणभर, पण तेवढ्यात काम करून जातो.

काय काम? कॉइल ज्याने बंद केली त्याच्यावर पहिला मार. जुन्या स्टार्टरमधलं जाडजूड पुश बटण ती ठिणगी वर्षानुवर्षं सोसतं. म्हणून आपले जुने वायरमन म्हणतात, "आम्ही कधी असलं काही लावलं नाही, काही झालं नाही." त्यांचं खरंच आहे. तेव्हा पॅनलमध्ये इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं. आता कॉइल बंद करतो तो लेव्हल कंट्रोलरमधला नखाएवढा रिले, टायमर किंवा पीएलसीचा आउटपुट. रिलेचे संपर्क प्रत्येक ठिणगीला थोडे थोडे जळतात, खडबडीत होतात आणि एक दिवस चिकटतात, नाहीतर लागतच नाहीत. ट्रान्झिस्टर आउटपुट असेल तर तो थोडं थोडं जळत बसत नाही, थेट जातो.

दुसरा त्रास दिसत नाही. ती ठिणगी म्हणजे छोटा रेडिओ ट्रान्समीटरच. शेजारून गेलेल्या सेन्सरच्या वायरमध्ये तिचा आवाज शिरतो. मग काउंटर एक नग जास्त मोजतो, एचएमआय अडकतो, पीएलसी मधूनच रीसेट होतो. तुम्ही बघायला गेलात की सगळं ठीक! असले "कधीतरीच होतं" प्रकारचे कॉल नव्या माणसाला सगळ्यात महाग पडतात.

मीरा-भाईंदरमध्ये तर हा विषय घराघरातला आहे. शहराला पाणी येतं ते मुख्यतः स्टेम आणि एमआयडीसीकडून. ते ठरलेल्या वेळेला खालच्या टाकीत पडतं आणि पंपाने वर चढवावं लागतं. म्हणजे जवळपास प्रत्येक सोसायटीत एक पंप पॅनल, आणि नव्या पॅनलवाल्याची पहिली ऑर्डर बहुतेक वेळा तीच. कंट्रोलरचा रिले चिकटला तर रात्री वरची टाकी वाहते, खालची रिकामी होते, पंप कोरडा चालून सील जळतं. रिले लागला नाही तर सकाळी नळाला पाणी नाही. दोन्ही वेळा फोन तुम्हालाच येणार.

एसी कॉइल: आरसी की व्हॅरिस्टर?

आपल्याकडच्या छोट्या पॅनलमध्ये बहुतेक कॉइल २३० व्होल्ट एसीच्या असतात. तिथे मुख्यतः दोन पर्याय.

पहिला आरसी. एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर एकामागोमाग जोडून कॉइलच्या दोन टोकांना लावायचे. छोट्या कॉन्टॅक्टरसाठी ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहम हे नेहमीचं माप. उसळणाऱ्या करंटला कपॅसिटरमधून वाट मिळते, त्यामुळे व्होल्टेज हळू चढतं आणि फार वर जात नाही. श्नायडरच्या टेसिस डी मालिकेच्या कॅटलॉगमध्ये आरसी मॉड्यूलने झटका कॉइल व्होल्टेजच्या तिपटीत राहतो असं दिलंय. म्हणजे २३० ची कॉइल असेल तर ६९० व्होल्टच्या आत. आरसीची खरी गंमत तो चढ हळू करण्यात आहे. त्यामुळे रेडिओसारखा आवाज कमी होतो. जवळ सेन्सर, काउंटर, एचएमआय असेल तर मी आधी आरसीच बघतो.

पण कपॅसिटर बाजारातला कुठलाही उचलायचा नाही. एक्स-टू वर्गाचाच पाहिजे, तो थेट लाइनवर राहण्यासाठीच बनवलेला असतो. सिग्नलच्या कामाचा साधा कपॅसिटर लावला तर एक दिवस फुटतो आणि आतला प्लॅस्टिक डक्ट काळा करतो.

दुसरा पर्याय व्हॅरिस्टर, बाजारात ज्याला एमओव्ही म्हणतात ती निळी किंवा पिवळी चकती. ठरावीक व्होल्टेजपर्यंत ती गप्प असते, त्यापुढे वाट उघडते. स्वस्त, छोटी, दिशा बघायची गरज नाही, एसीला आणि डीसीलाही चालते. तोटे दोन. झटका तिच्या मर्यादेपर्यंत तसाच वेगात चढतो, म्हणून आवाजाचा त्रास पूर्ण जात नाही. आणि ती झिजते. हजारो वेळा मार खाल्ल्यावर तिच्यातून थोडा थोडा करंट गळायला लागतो आणि शेवटी बहुतेक वेळा ती शॉर्ट होते. त्यामुळे कंट्रोल सर्किटला वेगळा छोटा एमसीबी किंवा फ्यूज पाहिजेच.

एमओव्हीचं रेटिंग घेताना नवीन मुलं नेमकी इथे चुकतात. २३० ची कॉइल, मग २५० व्होल्टवाली घेतली तर काय बिघडलं? बिघडतं. आपली लाइन दहा टक्के वर गेली तरी २५३ होते, मग ती चकती रोज तापते. २३० ला २७५ व्होल्ट एसीची घ्या. तिच्या अंगावर ४३१ लिहिलेलं असतं. लाइन फारच वर जात असेल तर ४७१ घ्या, ती ३०० व्होल्टची. कंट्रोल ट्रान्सफॉर्मर लावून ११० व्होल्टच्या कॉइल वापरल्या असतील तर १५० व्होल्टची, म्हणजे २४१. आणि स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये दोन फेजवर चालणारी ४१५ ची कॉइल असेल तर ५१० व्होल्टची, ८२१. नंबर वहीत लिहून ठेवा, दुकानदार सगळे सांगेलच असं नाही.

आरसी लावताना आणखी एक. तो कॉइलच्या ए-वन, ए-टूवर लावा, रिलेच्या संपर्कावर नको. संपर्कावर लावला तर संपर्क उघडा असतानाही ०.१ मायक्रोफॅरडमधून २३० व्होल्टला साधारण सात मिलिअँपिअर वाहत राहतात. मोठ्या कॉन्टॅक्टरला त्याचं काही नाही. पण पुढे छोटा २३० व्होल्टचा रिले असेल तर तो तेवढ्यावरही धरून राहू शकतो. मग तुम्ही "बंद केलं तरी बंद होत नाही" म्हणत प्रोग्राम तपासत बसता. आणि कंट्रोल सप्लाय स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चालत असेल तर आरसी टाळा, तो तापतो.

डीसी कॉइल: इथे मी स्वतः आपटलोय

आता हे माझ्या पदरचं सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात काम मिळालं. पत्रा पुढे-मागे नेणारं रोलरचं टेबल, तीन एचपीची मोटार, फॉरवर्ड-रिव्हर्स दोन कॉन्टॅक्टर. कॉइल २४ व्होल्ट डीसीच्या, छोट्या पीएलसीच्या ट्रान्झिस्टर आउटपुटवर थेट. कॉइलवर काही लावलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात एक आउटपुट गेला.

मी पुस्तक उघडलं. डीसी कॉइलला उलटा डायोड लावा, १एन४००७, रुपया-दोन रुपयांचा. दोन्ही कॉइलवर लावले. पांढरी पट्टी प्लसकडे, सगळं बरोबर. पीएलसी शांत झाला. मी खूश, मालक खूश.

दहा-बारा दिवसांनी फोन. ऑपरेटरने फॉरवर्डवरून लगेच रिव्हर्सचं बटण दाबलं आणि पॅनलमध्ये स्फोटासारखा आवाज, मेन एमसीबी ट्रिप, दोन्ही कॉन्टॅक्टरचे संपर्क काळेठिक्कर. मी ऑपरेटरवर संशय घेतला, मग मोटारवर, मग एमसीबीवर. नवे कॉन्टॅक्टर टाकले. चार दिवसांनी पुन्हा तेच.

शेवटी एका जुन्या पॅनलवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी वायरिंग बघितलं आणि एवढंच विचारलं, "डायोड कधी लावलास?"

काय झालं होतं बघा. डायोड झटका पूर्ण मारतो, पण त्याची किंमत वेळेत वसूल करतो. कॉइलमधला करंट डायोडमधून गोल गोल फिरत राहतो आणि सावकाश संपतो. तोवर कॉन्टॅक्टर सुटत नाही. वर सांगितलेल्या कॅटलॉगमध्येच आकडे आहेत: साध्या डायोडने सुटण्याचा वेळ सहा ते दहा पट होतो. आरसीने १.२ ते २ पट. व्हॅरिस्टर किंवा दुतर्फा डायोडने १.१ ते १.५ पट. माझा कॉन्टॅक्टर आधी समजा बारा मिलिसेकंदांत सुटत होता, डायोडनंतर तो ७२ ते १२० मिलिसेकंद घेत होता. आणि प्रोग्राममध्ये मी दोघांच्या मध्ये अंतर ठेवलं होतं ५० मिलिसेकंदांचं! फॉरवर्ड सुटायच्या आत रिव्हर्स ओढला जात होता. रिव्हर्समध्ये दोन फेजची अदलाबदल असते, म्हणजे सरळ फेज टू फेज शॉर्ट.

डायोडने फक्त माझी आधीची चूक उघडी पाडली. फॉरवर्ड-रिव्हर्समध्ये एकाच्या एनसी संपर्कातून दुसऱ्याची कॉइल वायरने जोडायलाच पाहिजे, प्रोग्रामवर विसंबायचं नाही. मी तो तेवढा वायरचा तुकडा वाचवला होता. नंतर एनसी इंटरलॉक टाकला, मेकॅनिकल इंटरलॉक लावला, प्रोग्राममधलं अंतर २०० केलं आणि साधा डायोड काढून दुतर्फा सप्रेसर डायोड लावला. त्याला टीव्हीएस म्हणतात. टेबल नंतर नीट चाललं. पण कॉन्टॅक्टरच्या दोन जोड्या आणि बंद राहिलेल्या कामाचे पैसे माझ्या बिलातून कापले गेले. मालकाचं चुकलं नव्हतं.

माझं नुकसान पैशाचं झालं. पण हाच प्रकार प्रेसवर झाला तर? आपल्या भागात भांड्यांच्या गाळ्यांमध्ये पॉवर प्रेस आहेत. हात घालून पत्रा ठेवायचा, पेडल दाबायचं. अशा मशिनमध्ये क्लच-ब्रेकच्या व्हॉल्व्हची कॉइल किंवा इमर्जन्सी स्टॉपचा कॉन्टॅक्टर शंभर मिलिसेकंद उशिरा सुटला तर मशिन तेवढा वेळ जास्त चालतं. होइस्टच्या ब्रेकचंही तसंच, ब्रेक उशिरा लागला की लोड खाली घसरतो. अशा जागी "डीसी आहे, डायोड ठोक" कधीही करू नका. प्रेसच्या सेफ्टी सर्किटचं काम तर नव्या माणसाने एकट्याने घेऊच नये, त्याला मान्यताप्राप्त सेफ्टी रिले आणि अनुभवी माणूस लागतो. ऑर्डर गेली तरी चालेल.

मग साधा डायोड कुठे चालतो? इंटरफेस रिलेला, सिग्नल दिव्याच्या रिलेला, जिथे दहावा भाग सेकंद इकडेतिकडे झाला तर कोणाचं काही अडत नाही तिथे मजेत लावा. अधला पर्याय डायोड आणि झेनर एकत्र, तो साध्या डायोडपेक्षा बराच लवकर सोडतो. फक्त झेनरचं व्होल्टेज आणि सप्लायचे २४ मिळून पीएलसीच्या आउटपुटला झेपतील एवढेच हवेत. ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. काही पीएलसीमध्ये आतच क्लॅम्प असतो, तेही तिथेच कळतं.

आणि एक गोष्ट हसून सोडू नका, मी डोळ्यांनी बघितली आहे: एसी कॉइलवर डायोड. अर्ध्या सायकलला सरळ शॉर्ट. चालू करताच उडतो.

खरेदी आणि कोटेशन

आधी कॉन्टॅक्टरच्या अंगावरचं चित्र बघा. एबीबीच्या एएफ मालिकेत कॉइल इलेक्ट्रॉनिक आहे, सप्रेसर आतच असतो. काही डीसी कॉइललाही कारखान्यातूनच लावलेला येतो. वरून दुसरा लावायची गरज नाही.

नसेल तर त्याच कंपनीचं, त्याच साइजचं मॉड्यूल घ्या. ते कॉन्टॅक्टरवर टक् करून बसतं, वायर लागत नाही. लोहार चाळीत जाताना कॉन्टॅक्टरचा पूर्ण नंबर आणि कॉइल व्होल्टेज मोबाइलमध्ये फोटो काढून न्या, कारण नऊ अँपिअरचं मॉड्यूल चाळीसवर बसत नाही. आणि घोळ होऊ नये म्हणून: एल अँड टीचा स्विचगिअर व्यवसाय २०२० मध्ये श्नायडरकडे गेला आणि २०२४ पासून त्याचं नाव लॉरिट्झ नुडसेन झालंय. जुन्या खोक्यावर एक नाव, नव्यावर दुसरं दिसलं तर डुप्लिकेट समजून भांडू नका.

सुटे पार्ट लॅमिंग्टन रोडला काही रुपयांत मिळतात. शिकायला, स्वतःच्या मशिनला ते सोल्डर करून हीट श्रिंक घालून वापरा. गिऱ्हाइकाच्या पॅनलमध्ये मात्र मी उघडी एमओव्ही लटकवत नाही. शॉर्ट झाली तर जळते, आणि जळलेल्या पॅनलचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर जायला पाच मिनिटं लागतात. पंप पॅनलसाठी दोन वायर बाहेर आलेलं पॅक आरसी युनिट पुरतं. पीएलसी असेल तर कंपनीचं मॉड्यूल.

सगळ्या कॉइलना लावायचं का? फक्त पुश बटणावरचा साधा डीओएल स्टार्टर, आसपास इलेक्ट्रॉनिक्स काही नाही, तर मी सोडून देतो. बाकी पॅनलमध्ये एक पीएलसी जरी असला तर एकूण एक कॉइल. त्यात हायड्रॉलिकच्या सोलेनॉइड कॉइलही आल्या, त्या बाहेर मशिनवर असतात म्हणून हमखास विसरतात. त्यांचा सप्रेसर व्हॉल्व्हच्या प्लगमध्येच बसवा, पॅनलमध्ये नको. झटका जिथे जन्मतो तिथेच मारला तर दहा मीटर वायर अँटेना होत नाही.

पैशाचं सांगतो. धरून चला, सहा कॉन्टॅक्टरचं पॅनल साठ हजारांचं आहे आणि मॉड्यूल तीनशेला पडलं. अठराशे रुपये. दहा टक्के रक्कम कमिशनिंगनंतर मिळणार म्हणजे सहा हजार अडकलेले. एका तक्रारीच्या फेरीत तुमचा अर्धा दिवस, एक कंट्रोलर आणि ते सहा हजार पणाला लागतात. म्हणून अठराशे कोटेशनमध्ये लपवू नका, वेगळी ओळ लिहा: "सर्व कॉन्टॅक्टर व सोलेनॉइड कॉइलवर सर्ज सप्रेसर." गिऱ्हाइकाने विचारलं तर समजावता येतं. काढून टाका म्हणाला तर तेही लेखी राहतं. ड्रॉइंगमध्येसुद्धा प्रत्येक कॉइलच्या शेजारी सप्रेसरचं चिन्ह काढा, नाहीतर दोन वर्षांनी कॉन्टॅक्टर बदलणारा वायरमन जुना सप्रेसर जुन्या कॉन्टॅक्टरबरोबरच भंगारात टाकतो.

त्या भाईंदरच्या मुलाला मी सांगितलं: मेन बंद कर, कॉन्टॅक्टरच्या ए-वन, ए-टूवर आरसी युनिट लाव, कंट्रोलर स्वतःच्या खर्चाने नवा टाक, आणि सेक्रेटरी काकांना समोर बसवून पंप वीस वेळा चालू-बंद करून दाखव. लावण्याआधी आणि लावल्यावर एक गंमत करायला सांगितली. पॅनलजवळ जुना मीडियम वेव्हचा रेडिओ, दोन स्टेशनांच्या मधे लावून ठेवायचा. सप्रेसर नसताना कॉन्टॅक्टर सुटला की त्यात खाडकन आवाज येतो. आरसी लावल्यावर तो बराच बसतो. काकांना ऑसिलोस्कोप कळणार नाही, रेडिओ कळतो. तुम्हीही करून बघा, पण पॅनलचं दार बंद ठेवून. आणि मोबाइलमधला एफएम त्याला चालत नाही, घरातला जुना ट्रान्झिस्टरच शोधा.